घर नंबर एक, चुली अनेक

आमचे मागील ओ.टी.पी.पुराण ज्या वाचकांनी निमूटपणे सोसले, त्यांच्या सहनशीलतेवर विसंबून आज पुन्हा संकेतस्थळांवर ओळख तपासणाऱ्या मंडळींच्या वाटेस जात आहो. कारण या आठवड्यात आमच्या शेजारच्या दोघा भावांची, एक आठवीतला व दुसरा अकरावीतला, बुद्धिबळाच्या एका संकेतस्थळावरील खाती ‘एकाच इसमाची दुहेरी खाती’ असा ठपका ठेवून एका रात्रीत गोठवण्यात आली. पुरावा काय, तर दोघे एकाच वायफायवरून खेळतात! सख्ख्या भावांनी निरनिराळ्या घरांत राहावे, अशी त्या संस्थेची अपेक्षा असावी.

लबाडी होतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. एकच गृहस्थ पाच नावे धारण करून पाचदा स्वागताचा बोनस उकळतो, किंवा स्वतःच्याच दुसऱ्या खात्याला हरवून पहिल्याचे मानांकन फुगवतो, हे सर्वश्रुत आहे. पण १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले, तेव्हा सरकारपुढे हाच पेच होता. गिरणगावातल्या चाळीत एकाच घर नंबराखाली बिऱ्हाडांमागून बिऱ्हाडे नांदत असता ‘एका नंबरास एक कार्ड’ असे फर्मान निघते, तर अर्धे शहर उपाशी राहते. बोगस कार्डे निघालीच. तथापि पुढे विभक्त कार्डाचा अर्ज आला, की निरीक्षक चूल खरोखर वेगळी आहे काय याची रुजुवात करी, आणि राख ताजी की शिळी हे ओळखणारे बिलंदरही त्या खात्यात असले पाहिजेत.

आंतरजालावरचा आय.पी. क्रमांक हा असाच घर नंबर होय. जुन्या पद्धतीचे क्रमांक जगात सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा २०११च्या फेब्रुवारीतच संपला. म्हणून मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच क्रमांकाआड बसवतात, आणि त्यांतला नेमका कोण हे कंपनीच्या दफ्तरातून काढावयाचे, तर अचूक वेळ व पोर्ट क्रमांकही हाती असावा लागतो. २००६ सरून २००७ उजाडताना इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकाने उपद्रवी क्रमांक अडवला. कतारची जवळजवळ सारी रहदारी त्याच क्रमांकातून बाहेर पडत असल्याने देशाचा देश निनावी संपादनास मुकला, आणि काही तासांतच हुकूम मागे घ्यावा लागला.

चूल पाहावयाची, तर ती दिसते. दोन खाती एकमेकांशीच वारंवार खेळतात काय, हरणारा नेहमी तोच काय, बक्षिसाची रक्कम एकाच बँक खात्यात उतरते काय? हे भाऊ तर एकाच संध्याकाळी, एकाच घटकेला, दोन भिन्न प्रतिस्पर्ध्यांशी झुंजत होते, आणि त्याची नोंद त्याच संस्थेच्या दफ्तरी आहे. खुलासा मागितला, तेव्हा यंत्राने उत्तर पाठवले की दोघांनी आपापल्या नावाचे वीजबिल सादर करावे. मामलेदार कचेरीतला कारकून अर्ज फेटाळताना निदान शेरा तरी मारी. कचेऱ्यांतून माणूस उठल्यापासून शेराही उठला, हे आम्ही येथे कितव्यांदा लिहितो आहो ते वाचकच जाणोत.

रोख बक्षीस हाती पडण्यापूर्वी ओळख पटवून घ्यावी, एका घरातले दोघे खेळणार असल्यास आगाऊ कळवण्याची सोय ठेवावी, इतके आम्हांस मान्य आहे. परंतु फुकटचा डाव मांडावयास आलेल्या पोराकडून जामीन कशाचा घ्यावयाचा?

— दफ्तरदार