स्वमग्नांची भीती आणि आमची नाडीपरीक्षा

नाडी पाहण्यासाठी वैद्याने मनगट धरले, स्वमग्न रुग्णाने हात हिसकावून घेतला, नाडी चंचल लागली आणि केसपेपरवर वातप्रकोप लिहिला गेला. असे निदान आमच्या हातूनही झाले आहे. ती चंचलता रोगाची होती की आमच्या स्पर्शाची, हा प्रश्न त्या वेळी आम्हांस पडला नाही.

स्वमग्न मुले व कुमार यांपैकी सुमारे 40 टक्क्यांना चिंतेचा एखादा विकार असतो, असे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसून आले. यांतील पुष्कळांना आपल्याला वाटते ती भीती आहे, हेच ओळखता येत नाही. पोट दुखते, छाती धडधडते, एवढेच ते सांगतात. बोलू न शकणारा डोके भिंतीवर आपटतो. झटक्यात श्वास जलद चालतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे भोवळ येते, मुंग्या येतात, बोटे आखडतात. प्राणवायूच्या परिभाषेत याचे विवरण अवश्य करावे. परंतु परिभाषा सापडली म्हणजे कारण सापडले असे नव्हे. स्वमग्नांत अपस्मारही इतरांहून अधिक आढळतो. तेव्हा शुद्ध हरपली असेल, किंवा छातीतील वेदना प्रथमच उद्भवली असेल, तर आधुनिक तपासणीस पाठविण्यात कमीपणा मानू नये. चालू असलेले अपस्माराचे औषध आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद होणे तर जिवावर बेतू शकते.

आमच्याकडे आलेल्या एका तरुणाला आठवड्यातून दोन-तीनदा झटके येत. खोदून विचारता आईने सांगितले, की महाविद्यालयातील शौचालयाच्या फ्लशचा आवाज त्याला सहन होत नाही, म्हणून तो दिवसभर वेग रोखून धरतो. चरकाचा नवेगान्धारणीय अध्याय आपण सर्वांनी पाठ केलेला आहे. पुरीषवेग रोखल्याने पक्वाशयात व शिरात शूल उठतो, हे तेथे सांगितलेच आहे. येथे त्या शूलाने भीती वाढत होती आणि भीतीने मलावरोध. दुपारी निवांत वेळी घरी येण्याची सोय झाली, सौम्य अनुलोमन दिले, आणि झटके विरळ झाले. मेध्य औषधांची यादी आम्ही तयार ठेवली होती. तिची गरज पडली नाही.

वाताचा उपक्रम म्हणजे बस्ती, हे समीकरण या रुग्णांबाबत तरी तपासून पाहावे असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला सदऱ्याची शिवणही टोचते, त्याला अनोळखी खोलीत पूर्वसूचनेवाचून बस्ती देणे म्हणजे झटक्याला आमंत्रण होय. शिरोधारेची गोष्टही वेगळी नाही. तेलाचा वास, पात्र, टेबल हे सारे आधी दाखवावे, नको म्हटल्यास थांबावे. आणि नकार शब्दांनीच येईल अशी अपेक्षा धरू नये.

औषधालयाच्या मालकांशीही थोडे बोलावयाचे आहे. 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 औषधांत शिसे, पारा वा अर्सेनिक आढळले. त्या पाहणीवर आपल्याकडे रोष पुष्कळ झाला, आत्मपरीक्षण त्या मानाने थोडे. स्वमग्न मुलांत मृद्भक्षणाची, भिंतीचे पोपडे खाण्याची सवय अधिक असते. म्हणजे शिसे पोटात जाण्याची एक वाट आधीच उघडी असते. अशा मुलाचा पालक 'डोके शांत होण्यासाठी काहीतरी द्या' म्हणून आला असता रसौषधीची डबी काउंटरवरून परस्पर देऊ नये.

दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल. वटीचा रंग किंवा बाटलीचे लेबल बदलले, एवढ्यानेच हा रुग्ण औषध नाकारतो, आणि त्या आग्रहातून नवा झटका उद्भवतो. जुन्या वेष्टनातील माल शिल्लक असेल तोवर तो अशा घरांसाठी बाजूला ठेवावा, आणि नवे वेष्टन येण्यापूर्वी रिकामी बाटली चार दिवस आधी घरी पाठवावी.