जुनी रायफल आणि आजचा पहारा

१८९५ सालीं ब्रिटिश सैन्यांत दाखल झालेल्या ली-एनफील्ड घराण्याची ‘थ्री नॉट थ्री’ रायफल आपल्याकडे कवायतींत अजूनहि दिसते. तीस हंसणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हातानें मागेंपुढें करावा लागत असल्यामुळें शिकाऊ शिपायास गोळ्या उधळतां येत नाहींत. नेम आणि धीर हे गुण त्याच्या अंगीं बाणतात.

परंतु शिकविण्यास योग्य तें हत्यार लढण्यासहि योग्य, असें मानणें घातक होय. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींपुढें आपल्या कांहीं पोलिसांस हीच रायफल घेऊन उभें राहावें लागलें. त्यांच्या धैर्यांत उणें नव्हतें. उणें होतें तें सरकारच्या तरतुदींत. उत्तर प्रदेश पोलिसांनीं २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं तीस निरोप दिला, हें उचितच झालें.

दुकानदार नव्या गुमास्त्यास जुन्या तराजूवर तोलणें शिकवील. पण झिजलेल्या वजनांनीं गिऱ्हाइकाचा माल मोजील काय? कवायतीच्या मैदानावर जुनी रायफल खुशाल राहो. पहाऱ्यावरील शिपायास मात्र आजचें हत्यार आणि तें चालविण्याचा नियमित सराव, हीं दोन्ही मिळालींच पाहिजेत. आणि आपल्या करांतून हा खर्च होतो कीं नाहीं, हें विचारणें आपणां नागरिकांचें काम आहे.