सुट्टी कोणाची?

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागते, आईला नाही. पापड, लोणची, शिवाय आमच्या मोत्याची आंघोळ तिच्याकडेच. मोत्या माठाखालच्या ओलाव्यात पसरतो, मी पंख्याखाली. परवा दुपारी तीन वाजता शेजारच्या अज्जींनी कुंपणावरून आईला विचारले, “ऊट आतेनु?” तिचे जेवण राहिलेच होते; घरात कोणी विचारलेही नव्हते. अर्थशास्त्रात आपण शिकतो, की पगारी नोकराचे काम राष्ट्रीय उत्पन्नात धरतात, गृहिणीचे तेच काम धरत नाहीत. तो हिशेब सुधारेल तेव्हा सुधारो. विद्यार्थी मित्रहो, घरची खातेवही तरी आपण नीट लिहावी. मी लाटणे हाती घेतले आहे. वाकडे झालेले पापड मोत्याच्या नावे मांडतो!