चावी उलटीही फिरते

मागच्या जानेवारीत माझा बौरॉन फाटला. (स्पेलिंग बघून आपण 'बोधरान' वाचतो, आयरिश लोक 'बौरॉन'च्या जवळपास काहीतरी म्हणतात.) लाकडी कड्यावर बकरीचं कातडं ताणलेलं, आपल्या डफाचाच चुलतभाऊ. एका हातात छोटी दांडी, दुसरा हात आतून कातड्यावर दाबत सूर वरखाली करायचा. १९६० च्या दशकात शॉन ओ रियादाने त्याला मैफलीत मानाची जागा दिली.

त्या रात्री डब्लिनमध्ये पाऊस होता. कातडं ओलाव्याने सैल पडून नुसतं भद्‌भद्‌ वाजत होतं. मी ॲलन की काढली आणि सगळे स्क्रू आवळले. आतलं कडं वर सरकून कातड्याला ताणतं. आवाज झकास लागला! मग घरी आलो, बौरॉन तसाच भिंतीला टेकवला, हीटर लावला आणि झोपलो. सकाळी काठाशी वीतभर चीर.

चूक कुणाची? माझीच. ओलं कातडं सैलावतं, कोरडं आक्रसतं. ओल्या हवेत आवळलेला ताण कोरड्या खोलीत आणखी वाढणारच.

आई फोनवर म्हणाली, "अरे, जत्रा संपल्यावर हलगी कुणी रात्रभर जाळाशी ठेवतं का?"

तेव्हापासून मला वाटतं, की चावीने आपण थोडे आळशी झालो. स्क्रू नसलेल्या बौरॉनला हवा दमट असेल तर ऊब द्यायची आणि कोरडी असेल तर आतून ओला हात फिरवायचा. म्हणजे आधी हवा बघायची, कातड्याचं ऐकायचं. चावी हातात आली आणि ऐकणं मागे पडलं.

चावी नकोच, असं माझं म्हणणं नाही. पावसाळी रात्री भर मैफलीत शेकोटी कुठून आणणार? पण आवळताना पाव-पाव आटाच फिरवावा, समोरासमोरचे स्क्रू जोडीने घ्यावेत, आणि वाजवून झालं की आठवणीने सगळे सैल करावेत. माझ्या मते चावीचा खरा उपयोग हा शेवटचाच. आवळायला काय, कुणालाही येतं.

नवं कातडं बसवून घेतलंय. अजून जरा कडक वाजतं, पण हळूहळू रुळेल. हीटरपासून मात्र चार हात लांब!