दिलेला शब्द आणि दुखावलेले पाठीराखे

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या जगात दर डिसेंबरात एक चमत्कारिक उपचार पार पडतो. शाळेच्या शेवटच्या वर्षातील सतरा-अठरा वर्षांचा एखादा गुणी खेळाडू निरनिराळ्या विद्यापीठांच्या टोप्या टेबलावर मांडून बसतो आणि त्यांतील एक उचलून डोक्यावर चढवतो. ज्या विद्यापीठाची टोपी निवडली जाते तेथे आनंदाला उधाण येते. ज्याची टेबलावरच राहते तेथे सुतकी कळा पसरते. त्या मुलाने आधी होकार देऊन मग तो फिरवला असेल, तर दुःखाची जागा संताप घेतो आणि ‘विश्वासघात’ हा शब्द सहज उच्चारला जातो. हा विश्वासघात नेमका कोणी कोणाचा केला, याचा मात्र शांतपणे विचार होत नाही.

आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन सामन्यांवरून या प्रकाराची कल्पना येणार नाही. अंडाकृती चेंडूने खेळल्या जाणाऱ्या या फुटबॉलसाठी एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. अलाबामा, मिसिसिपी, ओक्लाहोमा यांसारख्या राज्यांत या खेळाचा राष्ट्रीय लीगमधील व्यावसायिक संघच नाही. तेथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा मानबिंदू असतो. ज्यांनी त्या विद्यापीठाची पायरीही चढलेली नाही अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याचे रंग मिरवतात. ही निष्ठा खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण निष्ठा खरी असली म्हणजे तिच्या पोटी येणारा प्रत्येक हक्क खरा ठरतो असे नाही.

या दृष्टीने ट्रॅव्हिस हंटर याचे उदाहरण बोलके आहे. जॉर्जिया राज्यातील हा खेळाडू त्याच्या वर्षातील अग्रगण्य मानला जात होता आणि फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाला त्याने दीर्घकाळ होकार दिलेला होता. १५ डिसेंबर २०२१ रोजी, सही करण्याच्या दिवशी, त्याने मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठाची निवड केली. हे विद्यापीठ फुटबॉलच्या खालच्या श्रेणीत खेळणारे. त्याचे प्रशिक्षक डिऑन सँडर्स हे एके काळी फ्लॉरिडा स्टेटचेच गाजलेले खेळाडू होते, त्यामुळे तेथील पाठीराख्यांना हा घरभेद वाटला. हंटरला प्रचंड रक्कम मिळाल्याच्या वावड्या उठल्या; सँडर्स यांनी त्या साफ फेटाळल्या.

त्याच दिवशी जॅक्सनमध्ये मात्र एका जुन्या अन्यायाची थोडीशी भरपाई झाल्याची भावना होती. दक्षिणेतील बड्या विद्यापीठांचे संघ १९६० च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना बहुतांशी बंद होते. त्या काळात अव्वल गुणवत्ता जॅक्सन स्टेटसारख्या संस्थांत फुलत असे. १९७५ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये गेलेला विख्यात खेळाडू वॉल्टर पेटन हा तेथलाच. बड्या विद्यापीठांची दारे उघडली आणि हीच गुणवत्ता तिकडे वळली. तेव्हा ‘आमचा खेळाडू पळवला’ हे वाक्य टॅलाहॅसीत ज्यांनी उच्चारले, त्यांच्याआधी कित्येक वर्षे ते जॅक्सनच्या लोकांना उच्चारता आले असते.

पण गोष्ट येथे संपत नाही. ३ डिसेंबर २०२२ रोजी जॅक्सन स्टेटने गटाचे विजेतेपद मिळवले आणि त्याच दिवशी सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठात जात असल्याचे जाहीर झाले. वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर वेतनावरून ते पाच वर्षांच्या दोन कोटी पंचाण्णव लाख डॉलरच्या करारावर गेले. हंटरही त्यांच्यामागोमाग गेला. वर्षापूर्वी जे हर्षभरित झाले होते त्यांच्याच वाट्याला आता तोच शोक आला. एकाच मुलाच्या दोन निर्णयांनी दोन गावे दुखावली. त्याने मात्र दोन्ही वेळा एकच गोष्ट केली होती: आपल्या शिक्षकाच्या मागे जाणे.

मुळात तोंडी होकार कोणालाच बांधून ठेवत नाही. विद्यापीठे जागांपेक्षा कितीतरी अधिक मुलांपुढे शिष्यवृत्तीचा प्रस्ताव ठेवतात आणि अधिक चांगला खेळाडू मिळाला की पहिल्याला दुसरीकडे पाहण्यास सुचवतात. प्रशिक्षकांचे तर बोलायलाच नको. फ्लॉरिडा स्टेटचेच जिम्बो फिशर २०१७ च्या डिसेंबरात दहा वर्षांच्या साडेसात कोटी डॉलरच्या करारावर टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेले. त्यांच्या भरवशावर टॅलाहॅसीला आलेल्या एखाद्या खेळाडूने तेव्हा विद्यापीठ बदलले असते, तर नियमानुसार त्याला सामान्यतः एक वर्ष सामन्यांविना काढावे लागले असते. प्रशिक्षकाला असे कोणतेही प्रायश्चित्त नव्हते. खेळाडूंवरील हे बंधन सैल होण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

पैशाचीही कथा तीच. प्रक्षेपणाच्या हक्कांतून अब्जावधी डॉलर येत असताना खेळाडूंना हौशीपणाचे पावित्र्य सांगितले जात होते. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील बंधनांच्या प्रश्नावर राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या विरोधात एकमताने निकाल दिला. पुढच्याच महिन्यापासून खेळाडूंना आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेता येऊ लागला. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना थेट पैसे देण्याचीही मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी तिची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. बाजार आधीपासूनच होता. फरक इतकाच, की त्यात आता खेळाडूलाही वाटा मिळू लागला.

अर्थात पाठीराख्यांची सगळीच चिंता निराधार म्हणता येणार नाही. दरवर्षी विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्याची पदवी अर्धवट राहण्याचा धोका असतो, आणि पैशाच्या आमिषाला सर्वांत आधी तो अननुभवी मुलगाच बळी पडतो. जेडन रशाडा हा खेळाडू २०२२ मध्ये मायामीला दिलेला होकार फिरवून फ्लॉरिडा विद्यापीठाकडे वळला. एक कोटी अडतीस लाख डॉलरचे आश्वासन देऊन ते पाळले गेले नाही, असे म्हणत त्याने २०२४ मध्ये न्यायालयात धाव घेतली. शब्द मोडण्याचा आरोप येथे मुलावर नाही, तर प्रौढांवर आहे. त्यावरचा उपाय मुलांना शिव्या घालणे हा नव्हे. करार लेखी असावेत, त्यांनी दोन्ही पक्षांना सारखेच बांधावे, सही करण्यापूर्वी मुलाला स्वतंत्र कायदेशीर सल्ला मिळावा आणि पदवी पूर्ण होईपर्यंत शिक्षणाची हमी असावी, ही मागणी पाठीराख्यांनी आपल्याच विद्यापीठाकडे करावयास हवी.

एक खेळाडू गेल्याने संस्था बुडत नाही, हेही या प्रकरणात दिसून आले. हंटरविना फ्लॉरिडा स्टेटने २०२३ मध्ये गटविजेतेपदापर्यंतचे तेराही सामने जिंकले. १४ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये हंटरला महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च असे हाइझमन पारितोषिक मिळाले. त्याच दिवशी अटलांटात जॅक्सन स्टेटने सेलिब्रेशन बोल हा सामना जिंकला. सँडर्स यांच्या कारकिर्दीत हाच सामना २०२१ आणि २०२२ अशा लागोपाठच्या दोन वर्षी हातून निसटला होता. मुलगा आपल्या वाटेने गेला, संस्था आपल्या वाटेने गेली, आणि दोघांचेही भले झाले. पाठीराख्याने हळहळावे, तो त्याचा अधिकार आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाचे आयुष्य हे त्याचे येणे नव्हे, की ज्याच्या वसुलीसाठी त्याने दारात उभे राहावे.