मौखिकीला बसण्याआधी

धानोऱ्याची एखादी मुलगी पीएच.डी.च्या मौखिकीसाठी जळगावच्या विद्यापीठात जाते, तेव्हा तिच्या टिपणवह्या भिली-अहिराणीतल्या संभाषणांनी भरलेल्या असू शकतात आणि प्रश्न मात्र प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत येतात. तिला आमचं कळकळीचं सांगणं: उत्तरं पाठ करू नकोस. बहिःस्थ परीक्षकांच्या अहवालांतले आक्षेप आधी नीट वाच. मौखिकी बरीचशी त्यांवरच चालते. नमुना असाच का निवडला, लोकांची संमती कशी घेतली, निष्कर्ष कुठे लागू होत नाहीत, हे आधी घरच्या बोलीत मोठ्यानं सांगून पाहा. ‘माझी सामग्री इथपर्यंत पोहोचत नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे.

आक्षेपांनी खचायचं कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1922 मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांना त्यातली टीका रुचली नाही. फेरलेखन सांगितलं गेलं. बाबासाहेबांनी निष्कर्ष न बदलता तो पुन्हा लिहून मुंबईहून पाठवला आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली.

मौखिकीला इतर संशोधकांनाही ऐकायला बसता येतं. ज्यांची पाळी पुढे यायची आहे, त्यांनी वही घेऊन जरूर जावं.