मिरजेतील मैफिलींना जागा व शांतता आणि वाद्यकारागिरांना आधार मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सांगली जिल्हा, सांगली.

विषय : मिरज शहरात छोटे बंदिस्त बैठक सभागृह उभारणे, संगीत सभांच्या काळात ध्वनिनियमांची नीट अंमलबजावणी करणे, सतार-तंबोरा कारागिरांना भौगोलिक मानांकनाचा प्रत्यक्ष लाभ मिळवून देणे व अन्य मागण्या.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे मिरजेतील गायक, वादक, वाद्यकारागीर, संगीतशिक्षक आणि श्रोते हे निवेदन आपल्याकडे सादर करीत आहोत.

मिरजेत आजही गाणे होते. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव होतो. अधूनमधून कुणाच्या तरी दिवाणखान्यात बैठक रंगते. कलावंत यायला तयार आहेत, ऐकणारेही आहेत. अडते ते इतर गोष्टींपाशी. परवडणारी जागा मिळत नाही, जागा मिळाली तर शांतता नसते, दोन्ही जमले तरी कार्यक्रमाची वार्ता लोकांपर्यंत पोहोचत नाही. आणि ज्या वाद्यांवर हे सारे उभे आहे, ती घडवणाऱ्या घरांतली पुढची पिढी दुसरा धंदा शोधू लागली आहे.

या गावाचा अधिकार काय, हे दोन शब्दांत नमूद करणे भाग आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथे विद्या दिली. डोळ्यांच्या उपचारांसाठी मिरजेला आलेले विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचे शिष्य झाले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून शकुंतला म्हणून रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले, ते मिरजेतच. हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात वारले, पण त्यांना मूठमाती मिळाली ती मीरासाहेबांच्या दर्ग्यात. पुढे किराणा घराण्याच्या कितीतरी गायकांनी तिथे हजेरी लावली. उरुसातल्या सभेत गाणे ही सेवा मानली जाते आणि मोठमोठे कलावंत बिदागीचा विषय न काढता बसतात. असे ठिकाण महाराष्ट्रात फार नाही, म्हणूनच ते नीट चालावे ही जबाबदारी एकट्या संयोजकांची राहू नये.

आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी बैठकीच्या जागेची आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. हा नियम योग्य आहे. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. रुग्णांच्या झोपेवर गाणे लादावे असे आमच्यापैकी कुणालाही वाटत नाही. परंतु मालकंस, दरबारी, अडाणा हे रात्रीचे राग आहेत. साडेनऊला आवरते घ्या म्हणून चिठ्ठी आली की दरबारीचा विस्तार तिथेच मोडतो. मुख्य कलाकाराला शेवटी बसवण्याची आपली रीत असल्याने ज्याला ऐकायला लोक आलेले असतात, त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी वेळ येतो.

याच नियमांत बंदिस्त सभागृहांना, आवाज आतल्या आत राहत असेल तर, या वेळमर्यादेतून वगळलेले आहे. म्हणजे वाट कायद्यानेच ठेवलेली आहे. उणीव आहे ती सभागृहाची. महापालिकेचे बालगंधर्व नाट्यगृह नाटकाला आणि मोठ्या कार्यक्रमांना ठीक. शंभर-सव्वाशे श्रोत्यांच्या बैठकीला ते भाड्यानेही पेलवत नाही आणि आकारानेही. आम्हाला हवी आहे ती दीडशे माणसांची भारतीय बैठक बसेल अशी, जाड भिंतींची, दारे-खिडक्या घट्ट लागणारी जागा. तिथे तंबोरे ठेवायला कोरडी खोली असावी आणि मागे रांगेने काही खुर्च्या असाव्यात, कारण आमच्यातले अनेक श्रोते आता मांडी घालू शकत नाहीत. नवी इमारत लगेच शक्य नसेल तर शासकीय किंवा महापालिकेच्या मालकीची एखादी वापराविना पडलेली वास्तू या कामासाठी द्यावी. ध्वनियोजना करताना आधी गायक-वादकांना विचारावे, ही विनंती आम्ही आग्रहाने करतो. सभागृहे बांधून झाल्यावर त्यांत गाता येत नाही असे कळते, हा अनुभव अनेक गावांनी घेतला आहे.

उरुसातली सभा व नवरात्राचा महोत्सव यांची गोष्ट वेगळी. त्या दर्ग्याच्या व देवळाच्या आवारातच व्हायला हव्यात. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. जिल्ह्यासाठी हे दिवस ठरवताना या दोन्ही सभांचा विचार व्हावा आणि त्याचा आदेश आठवडाभर आधी निघावा. आदल्या संध्याकाळपर्यंत परवानगीसाठी धावपळ करावी लागली तर बाहेरगावच्या कलावंताला कुठल्या गाडीने यायला सांगायचे हेही ठरत नाही. पोलीस, महापालिका व अग्निशमन यांच्या परवानग्या एकाच खिडकीवर, एकाच अर्जावर मिळाव्यात.

याला जोडूनच डीजेचा विषय मांडावा लागतो. तंबोऱ्याच्या ध्वनिक्षेपकाला दहाला बंद करणारा नियम मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरलाही तितक्याच कडकपणे लागला पाहिजे. तो लागत नाही, हे आम्ही खेदाने नमूद करतो. याची झळ मैफिलीपुरती नाही. कारागिराच्या घरात जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारी घोडीची घडण, कशी काढतात, हे आपण एकदा येऊन पाहावे. तो तंबोरा मांडीवर घेतो, घोडीच्या माथ्यावर बारीक कानस दोन-चार वेळा फिरवतो, तार पुन्हा चढवतो, तिच्याखाली सुती दोरा सरकवतो आणि छेडून ऐकतो. गुंजन भरून आले नाही तर तार उतरवून पुन्हा कानस. केसभर जास्त घासले तर घोडी बाद होते. हे मोजण्याचे यंत्र त्याच्याकडे नसते, कान असतो. रस्त्यावरून काचा थरथरवणारा आवाज जात असेल तर ते काम त्या दिवशी बंद ठेवावे लागते. हे कारागीर जिथे काम करतात त्या सतारमेकर गल्लीत व परिसरात डीजेला वर्षभर पूर्ण बंदी घालावी, अशी आमची मागणी आहे.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगार घराण्यांनी हत्यारांचे काम मागे पडल्यावर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी या कलेत हात घातला. तिचा हा गौरव आम्हा सर्वांना अभिमानाचा आहे. पण मानांकनाचा कायदेशीर उपयोग प्रत्येक कारागिराला व्हायचा तर त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी व्हावी लागते. घरातल्या पडवीत काम करणारा, कागदपत्रांची सवय नसलेला कारागीर यात मागे राहतो. जिल्हा उद्योग केंद्राने गल्लीतच शिबिर घेऊन अर्ज भरून घ्यावेत व नोंदणीचे शुल्क शासनाने भरावे.

कच्च्या मालाचा प्रश्न त्याहून निकडीचा आहे. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागात भीमेच्या काठी होतो. हा कडू भोपळा भाजी म्हणून विकता येत नाही. वाद्याला चालेल इतका मोठा आणि निर्दोष आकार आला तरच त्याला दाम. अवकाळी पाऊस झाला की वर्षाचे पीक गेले. शेतकऱ्याने तरी हा जुगार किती वर्षे खेळावा? सोलापूर जिल्हा प्रशासन व कृषी विभागाशी बोलून या पिकाला विमासंरक्षण आणि हमीची खरेदी देता येईल का, हे आपण पाहावे. भोपळा मिळेनासा झाला तर हातात मानांकनाचे प्रमाणपत्र राहील, वाद्य राहणार नाही. शिकाऊ मुलांना विद्यावेतन हीही गरज आहे. हात बसायला वर्षे लागतात आणि तेवढा काळ पोराला बिनपगारी ठेवणे कोणत्याही घराला परवडत नाही.

कार्यक्रमांची वार्ता हा विषय छोटा वाटेल, पण रिकाम्या सतरंज्यांचे ते मोठे कारण आहे. पूर्वी स्थानिक वर्तमानपत्रात ‘आजचे कार्यक्रम’ वाचून माणसे निघत. आता संयोजकाच्या फोनवरच्या गटात जे आहेत त्यांनाच कळते. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी फोटो दिसतो. मिरज जंक्शनवर, बसस्थानकावर आणि महापालिकेच्या दारात सांगली, मिरज व परिसरातल्या सर्व सभांचा मासिक फलक लावावा. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी-धारवाडकडून रेल्वेने येणारा श्रोता आजही आहे.

शेवटची मागणी वृद्ध साथीदारांची. तबला, पेटी, सारंगी, व्हायोलिन यांवर आयुष्य काढलेल्यांचे मानधनाचे अर्ज कागदांअभावी रखडतात. त्यांनी वाजवलेल्या मैफिलींच्या पावत्या कधी कुणी दिल्याच नव्हत्या. संयोजक संस्थांचे दाखले व ज्येष्ठ कलावंतांची शिफारस पुरावा म्हणून ग्राह्य धरावी.

वरील मागण्यांवर विचार करण्यासाठी महापालिका आयुक्त, पोलीस अधीक्षक, जिल्हा उद्योग केंद्र व सांस्कृतिक कार्य संचालनालयाचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक आपण एका महिन्याच्या आत मिरजेत बोलवावी आणि तीत कारागिरांना बोलण्याची संधी द्यावी, ही विनंती. सभागृहासाठी जागा पाहण्यास, नकाशे तपासण्यास व लागेल ते सहकार्य करण्यास आम्ही तयार आहोत.

आपले विश्वासू,
मिरजेतील गायक, वादक, वाद्यकारागीर, संगीतशिक्षक व श्रोते
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव व कार्यवाहीस्तव :
मा. आयुक्त, सांगली-मिरज-कुपवाड शहर महानगरपालिका
मा. पोलीस अधीक्षक, सांगली
मा. संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय, मुंबई